भीमा-मांजरा परिसरातील प्राचीन वास्तूंचे शिल्पविशेष : यात्रेत छायाचित्रे घेणाऱ्या भाविकांसाठी माहिती

॥ श्री ॥



श्रीक्षेत्र गाणगापूर, हुमनाबादजवळील माणिकनगर, बीदरची नृसिंह झरणी आणि भीमातीरीची सन्नती या स्थानांशी महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे पिढ्यान् पिढ्यांचे नाते आहे. सोलापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही वाट तर बहुतेकांच्या पायाखालची. संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, माधुकरी, एक मुक्काम आणि परत, असा यात्रेचा क्रम ठरून गेलेला असतो. या ठरलेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, कल्याणीच्या चालुक्यांपासून बहमनी व बरीदशाही काळापर्यंतच्या वास्तूंचा मोठा ठेवा पसरलेला आहे. त्याकडे आपली पावले सहसा वळत नाहीत. भाषा कानडी, गाव अनोळखी, वाहनांची सोय बेताची आणि देवस्थान आपल्या संप्रदायाचे नाही, ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत.

गेली काही वर्षे आमच्यापैकी काही मंडळी यात्रेला जोडून एक-दोन दिवस या भागात फिरतात आणि जुन्या मंदिरांच्या, क्वचित मशिदींच्या व कबरींच्या वास्तुविशेषांची छायाचित्रे घेतात. हे कसे करावे, कोठे काय पाहावे, याविषयी भाविकांकडून वारंवार विचारणा होत असल्याने सदर माहिती एकत्र दिली आहे.

प्रदेशाची ओळख

आजचे बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या, पुढे हैदराबाद राज्याच्या हद्दीत होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मराठी मुलखात आला. भालकी, औराद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तेथे आजही घरोघरी मराठी बोलली जाते. गुलबर्ग्याचे नाव २०१४ मध्ये अधिकृतरीत्या कलबुर्गी झाले. आपल्या जुन्या पोथ्यांत, तिकिटांत आणि बोलण्यात ते अजून गुलबर्गाच आहे.

इतिहासाचे थर येथे दाट आहेत. मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. सहावा विक्रमादित्य याने इ. स. १०७६ ते ११२६ या काळात येथून राज्य केले. काश्मीरचा कवी बिल्हण त्याच्याच दरबारी होता, आणि हिंदू वारसाहक्काच्या कायद्यात आजतागायत जिचे नाव घेतले जाते ती ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने याच नगरीत लिहिली. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी येथेच शरणांना एकत्र केले. १३४७ मध्ये गुलबर्ग्यास बहमनी सत्ता उभी राहिली आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने राजधानी बीदरला नेली. एवढी पार्श्वभूमी मनाशी असली म्हणजे एका खांबाचा घाट दुसऱ्या खांबाहून निराळा का, हे पाहताना कोडे पडत नाही.

दगडाची जात

छायाचित्र घेणाऱ्याने सर्वप्रथम दगड ओळखावा, असे आम्हास वाटते. या दोन जिल्ह्यांत दगड तीन प्रकारचा भेटतो आणि प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी आहे.

बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. हा तांबडा, सच्छिद्र दगड खाणीतून काढताना मऊ असतो व वाऱ्यावर टणक होतो. मात्र त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणूनच बीदरच्या कारागिरांनी गच्चीच्या चुन्याचे नक्षीकाम, रंगीत झिलईच्या फरशा आणि शिंपल्याची जडावाची कामे केली. ही कामे दगडाच्या पृष्ठावर चढविलेली आहेत, म्हणजेच गळून पडणारी आहेत. त्यांची नोंद आधी व्हावी.

दुसरा काळा पाषाण, म्हणजे आपल्या ओळखीचा बेसाल्ट. चालुक्यकालीन मंदिरांतील घोटीव, चरकावर फिरविल्यासारखे गोल खांब याचेच आढळतात. हा दगड प्रकाश गिळतो. दुपारी बारा वाजता घेतलेल्या चित्रात मूर्तीच्या जागी केवळ काळा आकार उरतो. तिसरा दगड आपण रोज पायाखाली घेतो ती शहाबादी फरशी. शहाबाद, चितापूर, सेडम या भागांतील हा चुनखडीचा दगड करडा-पांढरा, थरांचा, आणि अतिशय रेखीव कोरीव काम घेणारा आहे. सन्नतीजवळील कनगनहळ्ळीच्या स्तूपाचे शिल्पपट चुनखडीच्याच दगडाचे आहेत. त्यावर ऊन पडले की डोळे दिपतात आणि छायाचित्रातील रेषा पुसल्या जातात. तेथे सकाळची किंवा ढगाळ वेळ साधावी.

ऊन, भिंत आणि ऋतू

बहुतेक मंदिरे पूर्वाभिमुख असल्याने दर्शनी भाग सकाळी व पाठची भिंत सायंकाळी उजळते, हे कोणीही सांगेल. दक्षिण व उत्तर भिंतींचा विचार मात्र फारसा केला जात नाही. हा प्रदेश साधारण १७ ते १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कलून असतो, त्यामुळे दक्षिण भिंतीवरील मूर्तींवर तिरपे ऊन येते आणि त्या उठून दिसतात. उत्तर भिंतीला त्या दिवसांत थेट ऊन मिळतच नाही. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा कोठे ती उजळते. गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे मकरप्रणाल उत्तर बाजूस असते आणि तिकडील देवकोष्ठांत पुष्कळदा देवीची रूपे असतात. यात्रेकरू प्रामुख्याने मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत जातात, त्यामुळे पुष्कळांच्या संग्रहात दक्षिण भिंत उत्तम आणि उत्तर भिंत अंधुक, असा प्रकार दिसतो. पावसाळ्यातील एखादा मळभ आलेला दिवस उत्तर भिंतीसाठी राखून ठेवावा.

मंडपाच्या आत अंधार असतो. कॅमेऱ्याचा झोत समोरून टाकला की कोरीव काम सपाट होते, आणि चित्रकाम असल्यास त्यास अपायही संभवतो. आम्ही एक साधी युक्ती करतो. दारातून येणाऱ्या उन्हात एकाने पांढरे उपरणे ताणून धरावे. त्यावरून परतलेला मऊ उजेड खांबापर्यंत पोहोचतो. स्टीलचे ताट चकाकते आणि त्याचे डाग चित्रात उमटतात, ते टाळावे. कॅमेरा वा भ्रमणध्वनी खांबाच्या बैठकीवर, पिशवीच्या आधाराने ठेवून काही सेकंदांच्या विलंबाने चित्र घेतल्यास हात हलण्याचा दोष राहत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकांत तिपाई लावायची असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, म्हणूनही पिशवी बरी.

प्रदक्षिणेचा क्रम

शंभर छायाचित्रे घेऊन घरी आल्यावर कोणता खांब कोठला हे न कळणे, ही सर्वांचीच अडचण असते. भाविकांसाठी यावर उपाय घरचाच आहे. प्रवेशद्वारापासून आरंभ करून प्रदक्षिणेच्या दिशेनेच चित्रे घ्यावीत. बाहेरील प्रदक्षिणा पूर्ण करून मग मंडप, मग अंतराळ, मग गर्भगृहाचे द्वार. आतील खांबांसही याच क्रमाने मनात अंक द्यावेत. प्रत्येक ठिकाणी आधी संपूर्ण भिंत, मग त्यातील एक भाग, मग तपशील, असे तीन टप्पे ठेवावेत. केवळ सुंदर मुखाचे जवळून घेतलेले चित्र, ते कोणत्या भिंतीवरचे हे ठाऊक नसल्यास अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.

काय पाहावे याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. द्वारशाखा म्हणजे चौकटीच्या उभ्या पट्ट्या. त्या तीन आहेत, पाच आहेत की सात, आणि त्यांवर वेल, स्तंभ, व्याल वा मिथुन यांपैकी काय आहे, हे मोजता येईल असे चित्र घ्यावे. वरच्या पट्टीच्या मध्यावरील ललाटबिंब न चुकता टिपावे. तेथे गजलक्ष्मी, गणेश, जिनप्रतिमा यांपैकी काय आहे यावरून मंदिराच्या मूळ संप्रदायाविषयी अनुमान करण्यास मदत होते. आतील देवता पुढे बदललेली असू शकते. उंबरठा आणि त्यापुढील चंद्रशिळा पायदळी असल्याने सर्वांत आधी झिजतात किंवा नव्या फरशीखाली जातात. छताकडे मान वर करून पाहणारे थोडे. तेथील कमलाकृती वितान किंवा अष्टदिक्पालांचा पट पाठीवर निजूनच घ्यावा लागतो. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, पुजारी मंडळीस त्याचे कौतुकच वाटते असा आमचा अनुभव आहे.

मापासाठी शिंप्याची कापडी फीत शेजारी धरावी, दगडास चिकटवू नये. नाणे ठेवण्याची पद्धत आम्हास पसंत नाही. आपल्याकडे रुपयाच्या नाण्याचा आकार इतक्या वेळा बदलला आहे की वीस वर्षांनी त्यावरून काहीच कळणार नाही.

जलसंगवी, नारायणपूर व अन्य स्थाने

हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीचे कल्मेश्वर मंदिर या भागात प्रथम पाहावे. माणिकप्रभूंच्या दर्शनास आलेल्या भाविकास ते अगदी जवळ आहे. बाह्य भिंतींवर मदनिकांच्या उभ्या आकृती आहेत. कोणी दर्पण पाहते आहे, कोणी नृत्यात आहे. त्यांपैकी एक पाठमोरी वळून शिलापटावर लेख कोरताना दाखविली आहे, आणि तो लेख सहाव्या विक्रमादित्याच्या गौरवाचा आहे. लेखन करणारी स्त्री हा शिल्पविषय अन्यत्रही आढळतो, परंतु ती लिहीत असलेली अक्षरे खरोखर वाचता यावीत, आणि तीच राजाची प्रशस्ती असावी, हे विलक्षण होय. पुढे बेलूरला जे मदनिकाशिल्प बहरले त्याची पूर्वपीठिका येथे दिसते, असे अनेक अभ्यासक मानतात. या शिल्पाचे चित्र घेताना मूर्ती आणि अक्षरे अशी दोन स्वतंत्र चित्रे घ्यावीत. एका उजेडात दोन्ही नीट येत नाहीत.

बसवकल्याणजवळील नारायणपूरचे शिवमंदिरही याच परंपरेतले. बसवकल्याणचा किल्ला पाहून तेथे सहज जाता येते. कलबुर्गी जिल्ह्यात काळगी येथील मंदिरसमूह आणि सेडमचे पंचलिंगेश्वर मंदिर पाहण्यासारखे आहे. मळखेडला राष्ट्रकूटांच्या वैभवाच्या मानाने जमिनीवर फार थोडे उरले आहे. नेमिनाथ बसदी मात्र अवश्य पाहावी.

नृसिंह झरणीविषयी एक सूचना. तेथे गुहेतील छातीभर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावे लागते. कॅमेरा बाहेर विश्वासू माणसाजवळ ठेवावा आणि निश्चिंत मनाने देवाकडे जावे.

सन्नतीची शिळा

श्रीचंद्रलांबा ही अनेक देशस्थ घराण्यांची कुलदेवता असल्याने सन्नतीस मराठी भाविकांची ये-जा मोठी आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील मंदिर-आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. त्यानंतर देवीच्या मूर्तीची बैठक म्हणून वापरलेल्या शिळेवर ब्राह्मी अक्षरे असल्याचे उघड झाले. ते सम्राट अशोकाचे आदेशलेख होते. मूर्ती बसविण्यासाठी शिळेच्या मध्यभागी चौकोनी खाच पाडलेली असल्याने काही अक्षरे कायमची गेली आहेत. ज्यांनी ती खाच पाडली त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती चांगली मजबूत शिळा होती, आणि ती त्यांनी देवीच्या पायाशी वाहिली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शतकानुशतके ज्या शिळेपुढे लोक नतमस्तक होत होते, तीवर काय लिहिले आहे हे मात्र कोणास ठाऊक नव्हते.

जवळच कनगनहळ्ळी येथे १९९० च्या दशकात झालेल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप उघडकीस आला. तेथील एका शिल्पपटावर राणीसह उभा असलेला राजा असून त्यावर ब्राह्मीत अशोकाचे नाव कोरलेले आहे. नामोल्लेख असलेले अशोकाचे इतके जुने शिल्प अन्यत्र ज्ञात नाही. कुलदेवतेच्या दर्शनास गेलेल्या किती जणांनी ते पाहिले असेल, असा विचार मनात येतो.

शिलालेखांविषयी

गावोगावच्या मंदिरांत, पारांवर, विहिरींच्या भिंतींत आजही वाचन न झालेले लेख असण्याचा संभव आहे. या भागात ते बहुतांशी जुन्या कन्नड लिपीत आढळतात, क्वचित नागरी, आणि शहरांतून फारसी-अरबी. वाचता येत नाही म्हणून सोडून देऊ नये. भीमेच्या वरच्या अंगाला, सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरील शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख सोलापूरचे आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. ते विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. नोकरी सांभाळून खेडोपाडी फिरणारे अभ्यासक होते. मराठीच्या आद्य कालनिर्दिष्ट लेखांत आज त्या तुळईची गणना होते.

लेखाचे चित्र घेण्याची रीत अशी. अक्षरांवर खडू, पीठ, तेल वा हळद लावू नये. खडूने रेघ चुकली की पुढच्या वाचकाची दिशाभूल होते आणि तेल दगडात मुरते. सूर्य मावळतीस असताना, किंवा अंधारात विजेरी दगडाच्या कडेशी अगदी जवळ धरून, प्रकाश पृष्ठभागास घासून जाईल असा टाकावा. अक्षरांच्या खोलगट भागात सावली भरते व लेख उठून दिसतो. विजेरी चारही बाजूंनी फिरवून चार चित्रे घ्यावीत, कारण एका बाजूच्या प्रकाशात लपलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. लेखाच्या शिरोभागी सूर्य, चंद्र, लिंग, गाय-वासरू अशी चिन्हे असतात, ती वगळू नयेत. कागदावर शाईचा ठसा घेणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे, ते आपण करू नये. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुराभिलेख शाखेचे संस्कृत व द्राविडी लेखांचे कार्यालय म्हैसूरला आणि अरबी-फारसी लेखांचे नागपूरला आहे. चित्रे गावाच्या नावासह तिकडे पाठविता येतात.

परक्या आवारात

बीदर व कलबुर्गीला जाऊन केवळ मंदिरे पाहिली तर निम्मेच पाहिले असे होते. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ ची जामी मशीद संपूर्ण छताखाली आहे. मध्ये उघडे अंगण नसलेली अशी मशीद आपल्या देशात विरळाच. तेथील बुटक्या, रुंद कमानींची रांग एका टोकाकडून पाहावी. हफ्त गुंबजातील फिरोजशहा बहमनीच्या कबरीत दारांच्या बाजूचे काळ्या पाषाणाचे अर्धस्तंभ आणि छज्जांचे घोडे पाहिले की मंदिर घडविणाऱ्यांची हातोटी ओळखू येते. बीदरला महमूद गवानचा मदरसा १४७२ चा. १६९६ मधील दारूच्या स्फोटात त्याचा दर्शनी भाग व एक मिनार गेला. उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे नक्षीकाम व अक्षरे अजून तग धरून आहेत. किल्ल्याच्या शरझा दरवाजावरील सिंहांची जोडी पाहताना आपल्या गडांवरील शरभशिल्पे आठवतात. रंगीन महालात काळ्या दगडात जडविलेला शिंपला आहे, लाकडी खांबांची कोरीव कणी आहेत. तेथे थांबूनच पाहावे. अष्टूर येथील अहमदशहा वली याच्या कबरीत घुमटाच्या आतील रंगीत चित्रकाम टिकून आहे आणि त्याच्या उरुसास लिंगायत व मुस्लिम दोन्ही समाजांचे भाविक येतात. तेथे झोताचा वापर मुळीच करू नये.

अशा ठिकाणी पाय अडखळतात, हे मान्य करावयास हरकत नाही. आमच्याही मंडळीत प्रारंभी चर्चा झाली की देवदर्शनास निघालेल्याने दर्ग्यात वा मशिदीत कॅमेरा घेऊन का जावे. जावे, असे आमचे मत झाले; मात्र आपल्या देवळात परक्याने जसे वागावे असे आपणास वाटते, तसे आपण तेथे वागावे. पादत्राणे, चामड्याचा पट्टा व कॅमेऱ्याचे चामडी म्यान बाहेर ठेवावे. डोके झाकण्याची रीत असल्यास झाकावे. नमाजाच्या वेळी, अभिषेकाच्या वेळी, आणि कोणी आर्त मनाने बसले असताना कॅमेरा पिशवीत असावा. चित्र दगडाचे घ्यावे. माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे व मुलांचे, विचारल्यावाचून घेऊ नये. एखादा खांब पूर्वी कोणत्या वास्तूचा असावा याविषयीची मते तेथेच मोठ्याने बोलून दाखवू नयेत. नोंदवहीत खांबाचे माप लिहावे, अनुमान घरी आल्यावर ग्रंथ पाहून करावे.

भाषेचा धाक वाटतो तेवढा नाही. भालकी, औराद, बसवकल्याणला मराठी चालते. शहरांत दखनी हिंदुस्थानी चालते. सेडम, चितापूरकडे कन्नड येणारा सोबती असावा. मंदिरास ‘गुडी’, दगडास ‘कल्लु’, शिलालेखास ‘शासन’, विहिरीस ‘बावी’ म्हणतात. वीरगळ तेथे ‘वीरगल्लु’ आहे, म्हणजे शब्दही आपलाच. ‘फोटो तेगीबहुदा?’ एवढे विचारता आले, म्हणजे ‘फोटो काढू का?’ असे, की समोरचा माणूस हसतो आणि बहुधा स्वतःच किल्ली आणून देतो. खेड्यात गेल्यावर प्रथम पुजारी, शाळेतील गुरुजी किंवा ग्रामपंचायतीत आपले नाव व येण्याचे कारण सांगावे. अनोळखी माणूस मूर्तींची चित्रे घेतो म्हटल्यावर गावकऱ्यांस संशय येणे योग्यच आहे. मूर्तीचोरांनीच तो निर्माण करून ठेवला आहे.

छायाचित्राचा उपयोग

तामिळनाडूतील श्रीपुरंदानच्या मंदिरातून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियातील संग्रहालयात पोहोचला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात मंदिरात घेतलेले त्याचे छायाचित्र उपलब्ध होते म्हणून ओळख पटली आणि २०१४ मध्ये तो भारतात परत आला. ज्या मूर्तीचे चित्रच नाही, तिच्यावर हक्क सांगावयाचा कशाच्या आधारे? १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पाषाणमूर्तींच्या नोंदणीसाठीही छायाचित्र लागते. लहान देवस्थानांपाशी ते बहुधा नसते.

चोरीपेक्षाही मोठी हानी आमच्या मते जीर्णोद्धाराच्या उत्साहाने होते, आणि ती भक्तीपोटी होते म्हणून तिच्याविषयी बोलणे अवघड जाते. काळ्या पाषाणावर तैलरंगाचे थर, गाभाऱ्यात चकचकीत फरशा, वाळूचा झोत मारून ‘स्वच्छ’ केलेले खांब, वीरगळांची धुण्याची शिळा. औराद भागातील एका गावी द्वारशाखेवर रंगाचे इतके थर होते की ललाटबिंबाच्या जागी केवळ गोळा दिसे. चौकट काढून तेथे संगमरवरी बसवावी असे गावात ठरत होते. आमच्यापैकी एकांच्या वडिलांनी पूर्वी घेतलेले कृष्णधवल चित्र आम्ही गावकऱ्यांना दाखविले. त्यात दोन हत्ती आणि मधली लक्ष्मी स्पष्ट होती. वृद्ध मंडळी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बोलत राहिली. चौकट राहिली. रंग मात्र अजून निघालेला नाही, कारण तो काढण्यासाठी जाणकार हवा आणि खर्च हवा. दुसऱ्या एका गावी आम्ही पोहोचलो तेव्हा जुन्या मंडपाचे खांब रस्त्याकडेला रचलेले होते. त्यांची चित्रे घेतली. ते कोणत्या क्रमाने उभे होते, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

जेम्स बर्जेस यांचा बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांविषयीचा अहवाल १८७८ चा आहे. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांचा बीदरवरील ग्रंथ १९४७ चा. त्यांतील छायाचित्रे व आराखडे हाती घेऊन आजची भिंत ताडून पाहता येते. छोट्या गावांतील मंदिरांच्या वाट्याला असे ग्रंथ आले नाहीत. त्यांच्यासाठी यात्रेकरूच्या भ्रमणध्वनीतील चित्र हीच बहुधा एकमेव नोंद ठरणार आहे.

प्रवास व अन्य सूचना

कलबुर्गी मुंबई-चेन्नई लोहमार्गावर आहे. बीदर-कलबुर्गी हा रेल्वेमार्ग २०१७ मध्ये सुरू झाल्याने दोन्ही शहरे जोडून पाहणे सोयीचे झाले आहे. उदगीर व भालकीहून बीदरला रेल्वेने जाता येते. उन्हाळा येथे कडक असतो, दुपारी दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. पडक्या वास्तूत शिरण्यापूर्वी काठीने आवाज करावा. वटवाघळे, मधमाश्या आणि सर्प यांचे तेथे वास्तव्य असते. मूर्तीवर वा शिखरावर चढू नये. जेथे चित्रण निषिद्ध आहे तेथे फलक नसला तरी पुजाऱ्याचा शब्द प्रमाण मानावा.

प्रत्येक चित्रासोबत गाव, तालुका, वास्तूचे नाव, दिशा, खांबाचा वा भिंतीचा अनुक्रम आणि दिनांक लिहावा. तो त्याच रात्री मुक्कामी लिहावा, घरी आल्यावर आठवत नाही. उघड्यावर सुट्या पडलेल्या मूर्तींची चित्रे सार्वजनिक माध्यमांवर नेमक्या स्थळासह टाकू नयेत. चित्रांची एक प्रत कागदावर छापून त्या मंदिराच्या पुजाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस पाठवावी. टपालाने पाठविल्यास पाकिटावर गावाचे नाव कन्नड लिपीतही लिहून घ्यावे, म्हणजे ते वेळेवर पोहोचते.